आईच्या नावावर बारा बोअर

आबा गेले २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि त्यांच्या मागे सगळ्यात आधी ज्या गोष्टीचा निकाल लावायला लागला ती जमीन नव्हती की बँकेतली एफडी नव्हती, ती होती बंदूक. जलदान विधीच्या दिवशी पंगत उठल्यावर पोलिस पाटील मला बाजूला घेऊन म्हणाले, ताई बाकीचं सगळं सावकाश करा पण ती आधी जमा करा. मला खरंच माहीत नव्हतं. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की ती बंदूक ज्याच्या घरात तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा झाला, मग ती बापाची असो नाहीतर आज्याची. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम २१ सांगतं की विनाकारण उशीर न करता पोलिस स्टेशनला नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा. आमच्या भागात कितीतरी घरांत आज्याची बंदूक कॉटखाली गोणपाटात गुंडाळून पडलेली असते आणि घरच्यांना वाटतं ही आठवण आहे, प्रत्यक्षात ती केस आहे.

आम्ही पोलिस स्टेशनला जमा केली कारण तिथे भाडं नाही. ही पहिली चूक. डीलर दर महिन्याला पैसे घेतो पण निदान पुसून तेल लावून उभी ठेवतो, मालखान्यात ती कुठल्यातरी जुन्या केसच्या काठ्या-कोयत्यांच्या शेजारी पडते. कोणतं पोलिस स्टेशन ते लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पावतीवर हवालदाराने लिहिलं होतं "एक जुनी बंदूक", बस. मी तिथे अडून बसले की नंबर लिहा, मेक लिहा, डबल बॅरल लिहा, दोन्ही नळ्या ठीक आहेत असं पण लिहा. वैतागला, पण लिहिलं. ज्या कुणावर ही वेळ येईल त्यांनी एवढं तरी कराच, पुढे जवळपास दोन वर्षं प्रत्येक टेबलावर ती पावती मागितली आम्हाला.

आता आबांकडे ती आली कशी ते सांगते. आबा महार रेजिमेंटला हवालदार होते, १९८४ ला पेन्शनवर आले, आलेल्या पैशातून नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वरच्या अलीकडे पाटाच्या कडेला अडीच एकर घेतली. बौद्धवाडीतल्या माणसाने पाटाच्या कडेची जमीन घेतली, ती पण रोख पैसे देऊन, हे काही जणांना बरेच दिवस पचलं नाही. पाण्याची पाळी रात्री दोनची यायची आणि दोनला दारं फिरवायला जावं तर वर कुणीतरी आधीच फिरवलेलं असायचं. मग एका उन्हाळ्यात कडब्याची गंजी पेटली. कोणी पेटवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि पंचनाम्यात "अज्ञात कारणाने" असं आलं. आबांनी वाद घातला नाही. लायसन्ससाठी अर्ज केला, १९९१ ला मिळालं, ऑर्डनन्स फॅक्टरीची बारा बोअर डबल बॅरल घेतली आणि बसमधून घरी आणली, कव्हरमध्ये घालून, पण कव्हर असं की आत काय आहे ते कंडक्टरला सुद्धा कळावं.

माझ्या आठवणीत ती बंदूक वाजली तीन वेळा. तिन्ही वेळा हवेत, त्यातली दोनदा बिबट्यासाठी. पण ती आल्यापासून आमची पाण्याची पाळी चुकली नाही. दर रविवारी आबा ओट्यावर पोतं टाकून ती खोलायचे, चिंदीला तेल लावून नळीतून ओढायचे, येणारा-जाणारा राम राम घालायचा, काही जण तर जय भीम पण घालायला लागले. आबा म्हणायचे आपल्या लोकांकडे बंदूक अर्ज केल्याशिवाय कधी आली नाही. इंग्रजांनी १८९० च्या आसपास महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा गोपाळ बाबा वलंगकरांनी भरती परत सुरू करा म्हणून अर्ज लिहिला, १८९४ साली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला. "सत्तेचाळीस वर्षं पेंडिंग होता अर्ज," असं ते हसून सांगायचे. मला तेव्हा तो जोक वाटायचा.

तर प्रश्न हा की आता ती घेणार कोण. भाऊ पुण्यात, आयटीमध्ये, तो म्हणाला विकून टाका. मी नाशिकरोडला राहते, म्हणजे पोलिस कमिशनरेटच्या हद्दीत, आणि शहरात लायसन्स देणार पोलिस आयुक्त, ग्रामीणला देणार जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर. मी घेतली तर गावची बंदूक शहराच्या लायसन्सवर यायची, आणि नाशिकरोडच्या थर्ड फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये मी तिचं करणार काय. आई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "माझ्या नावावर करा की. मी र्‍हाते ना तिथं."

आईचं वय तेव्हा सहासष्ट. शिक्षण चौथी. एका डोळ्याचा मोतीबिंदू झालेला.

भावाने फोनवर आधी हसून घेतलं आणि मग सीरियस झाला. बुद्धाच्या घरात बंदूक शोभते का, रोज पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहिंसा करणार नाही, असं म्हणायचं आणि कपाटात काडतुसं, वगैरे वगैरे. मग त्याने अमेरिकेचं काढलं, तो दोन वर्षं तिकडे होता ना. म्हणाला मार्टिन ल्यूथर किंगच्या घरात पण बंदुका होत्या आणि त्याने त्या सोडल्या. मी रात्री बसून वाचलं तर गोष्ट अशी होती की १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरीला त्यांच्या घरावर बाँब टाकला, मग त्यांनी पिस्तूल जवळ बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, आणि बंदुका सोडल्या त्या त्याच्यानंतर. आणि १९६७ ला ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेतले लोक कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन फिरायला लागले, तोपर्यंत कायद्याने चालत होतं, तर लगेच कायदाच बदलला, गव्हर्नर रेगनची सही. आमच्याकडे त्या पँथरचं नाव घेऊन १९७२ ला दलित पँथर निघाली पण हातात लेखणी आणि मोर्चा, बंदूक नाही. हे सगळं मी भावाला पाठवलं, त्याने अंगठा पाठवला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझा बाप सतरा वर्षं बंदूक घेऊन बॉर्डरवर उभा होता तेव्हा पण पंचशील म्हणतच होता, त्याला इचारलं नाय कुणी." विषय संपला. भावाने ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, मी पण दिलं. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये वारसाला लायसन्स द्यायची सोय आहे, बाकीच्या वारसांनी हरकत नाही म्हणून लिहून द्यावं लागतं.

मग फॉर्म. सगळं भरून होतं आणि एका रकान्यावर गाडी अडते, शस्त्र कशासाठी हवं आहे. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांनी डोळे चमकवून सांगितलं की तुम्ही अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांखाली मागा. हे मला पहिल्यांदा कळलं की १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांतला तिसरा नियमच असा आहे, अत्याचार होईल अशी भीती असलेला भाग सरकारने ठरवायचा, तिथल्या इतरांची शस्त्रांची लायसन्स गरज वाटली तर रद्द करायची, आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जीव आणि मालमत्ता सांभाळायला लायसन्स द्यायची. कागदावर आहे हे, छापलेलं. आम्ही तसे दोन्हीकडे बसतो, केंद्राच्या यादीत बौद्ध १९९३ पासून अल्पसंख्याक, आणि १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती पण. देशातल्या दर चार बौद्धांतले तीनहून जास्त महाराष्ट्रात राहतात तरी मायनॉरिटी म्हटलं की आमचं नाव कुणाच्या तोंडात येत नाही, ते एक असो.

मी उत्साहाने जातीचा दाखला जोडला. आईने संध्याकाळी एकेक कागद हातात घेऊन, हे काय, हे काय असं विचारलं आणि दाखल्यावर थांबली. हा कशाला. मी नियम समजावून सांगितला. ती म्हणाली गंजी जळली तेव्हा लागत होता हा कागद, तेव्हा कुणी दिला नाही, आता मी हवालदाराची बायको म्हणून मागतेय, तो काढ. मी म्हणाले अगं आपला हक्क आहे, तर म्हणाली हक्क आहे तर राहू दे, पळून जातो का. माझं आणि तिचं या एका कागदावरून दोन दिवस वाजलं. मला आजही वाटतं जोडायला हवा होता, एकदा तरी कुणीतरी त्या नियमाखाली मागायला हवं की नाही. पण अर्ज तिचा होता. मग कारण काय लिहू विचारलं तर म्हणे, "आधीपास्नं हाय म्हणून."

शेवटी लिहिलं की पतीच्या निधनानंतर वारसाहक्काने, मळ्यात एकटी राहत असल्याने स्वतःच्या व पिकाच्या संरक्षणासाठी. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण खरं कारण त्यात आलं पण नव्हतं, ते असं की अंधार पडल्यावर त्या घरात ती वस्तू आहे हे गावाला माहीत असावं. एवढंच. पण असं कारण लिहायला रकाना नसतो.

कागदपत्रांचं सगळं सांगत बसत नाही, मृत्यूचा दाखला, जुनं लायसन्स बुक, ती पावती, सातबारा, आधार, फोटो, आणि आईचं पॅन कार्ड जे मुळात नव्हतंच ते आधी काढलं. एका गोष्टीत मात्र आबांनी आम्हाला वाचवलं, मध्यंतरी सगळी लायसन्स कॉम्प्युटरवर चढवून प्रत्येकाला युनिक नंबर दिला तेव्हा त्यांनी हेलपाटे मारून तो घेऊन ठेवला होता. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांची तारांबळ मी बाकावर बसून बघितली आहे.

तो बाक म्हणजे एक वेगळाच प्रकार. एका ऑफिसच्या बाहेर आम्ही इतके तास काढलेत की शेजारी बसणारे ओळखीचे झाले. एक कांद्याचे व्यापारी होते, मुसलमान, लासलगाव साइडचे, रोख घेऊन पहाटे फिरावं लागतं म्हणून रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मागत होते. त्यांची फाइल तिसऱ्यांदा रिपोर्टला गेली होती. म्हणाले ताई माझ्या शेजारच्या गाळ्यावाल्याचं एका रिपोर्टमध्ये झालं, धंदा तोच, रोकड तेवढीच, आडनाव फक्त वेगळं. आणि हे सांगताना ते चिडलेले नव्हते, डब्यातली बालूशाही आईला देत होते. दुसरे एक सरदारजी, ट्रान्सपोर्टवाले, नाशिकच्या द्वारकेला ऑफिस, मराठी आपल्यापेक्षा बरं. ते म्हणाले आमची कृपाण डायरेक्ट संविधानात आहे, कलम २५ मध्ये, तिला कुणाची परवानगी नको, पण पिस्तुलाला आम्ही पण तुमच्याच लायनीत. आई त्यांना म्हणाली, मग तुमचं अर्धं काम झालंय की. सगळा बाक हसला.

बसून बसून डोक्यात काहीही येतं. जिल्हा दंडाधिकारी हीच खुर्ची जॅक्सनची होती. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरेंनी त्याला गोळी घातली, नाशिकच्या पोरांना हे पाठच असतं, गोल्फ क्लबच्या मैदानाला त्यांचंच नाव आहे. आणि शंभर वर्षांनंतर आपण त्याच खुर्चीकडे, साहेब बंदूक द्या, म्हणून फाइल घेऊन बसलोय, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन.

आत गेल्यावर टेबलवाल्याने फाइल उघडली, आईकडे बघितलं, परत फाइलकडे बघितलं, आणि म्हणाला, "तुमच्या लोकांना कशाला लागते हो बंदूक?"

हे वाक्य मी किती वेळा उलटंपालटं करून बघितलंय. तुमच्या लोकांना म्हणजे कोणाला? बायकांना? म्हाताऱ्यांना? मळ्यातल्यांना? का आडनाव वाचून? जातीचा दाखला तर आम्ही काढून टाकला होता, पण आडनाव काही काढता येत नाही. तो माणूस तसा वाईट नव्हता, नंतर त्यानेच एक राहिलेली सही आठवणीने सांगितली, नाहीतर अजून महिना गेला असता. कदाचित त्याच्या मनात काहीच नसेल. पण हेच तर आहे, की समोरच्याच्या मनात काही नसलं तरी आपण घरी येऊन रात्रभर ते वाक्य सोलत बसतो. आईने मात्र तिथल्या तिथे उत्तर दिलं, "साहेब, बिबट्या लोकं बघून येत नाही."

मग त्याने उत्पन्नाचं काढलं, अडीच एकर म्हणजे तसं कमीच आहे, आयटी रिटर्न नाही, वगैरे. इथे माझा अभ्यास कामाला आला. कलम १४ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर लायसन्स नाकारता येत नाही, आणि तिसऱ्यात, की नाकारलं तर कारण लेखी नोंदवायचं. मी प्रिंट काढून नेली होती. ती पुढे सरकवली. तो म्हणाला मॅडम तुम्ही वकील आहात का, मी म्हणाले नाही, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. त्यानंतर उत्पन्नाचा विषय निघाला नाही.

आणि आता बिबट्याचं सांगितलं म्हणून, हे पण नीट समजून घ्या, बंदूक असली तरी बिबट्याला मारता येत नाही. वन्यजीव कायदा १९७२, पहिली अनुसूची, शिक्षा कडक. हवेत बार काढणं हाच काय तो उपयोग. त्यातून आमचं गाव नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत, आणि त्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरमध्ये नवीन शस्त्र लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आम्ही म्हणतोय हे नवीन नाही, वारसाचं आहे, ते म्हणतायत माणूस नवीन म्हणजे लायसन्स नवीन. गेली फाइल तिकडे. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे जगाच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा, झाली तेव्हा आबांनी केवढ्या कौतुकाने पेपर दाखवला होता, थंडीत पाहुण्यांना घेऊन ते स्वतः रोहित पक्षी दाखवायला जायचे. त्याच पक्ष्यांपायी आमची फाइल फिरत राहिली. एक तरुण वनरक्षक मळ्यात आला, पोरगाच होता, आईने त्याला उसात दिसलेली पिल्लं कुठल्या सरीत होती ते पावलं मोजून दाखवलं. त्याने डायरीत बंदुकीपेक्षा त्या पिल्लांचंच जास्त लिहून घेतलं.

पोलिस व्हेरिफिकेशनला जे झालं ते मात्र मला अजिबात अपेक्षित नव्हतं. शेजाऱ्यांचे जबाब लागतात. आमच्या बांधाला लागून ज्यांचा मळा आहे ते त्याच घरातले, गंजीवाल्या घरातले. म्हातारा कधीच गेला, आता मुलगा बघतो, पन्नाशीचा असेल. मी आईला म्हणाले दुसरा शेजारी सांगू, पलीकडचा. आई म्हणाली बांध त्याचा आहे तर जबाब पण तोच देईल. मी पोटात गोळा घेऊन ओट्यावर बसलेले. हवालदाराने विचारलं यांना बंदूक द्यायला तुमची काही हरकत? तो माणूस थोडा वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "हरकत काय, आबा असताना होतीच की. आमची दोन वासरं गेली या वर्षी बिबट्यात. वहिनी, रात्री आला तर एक बार काढत जा, आम्हाला पण कळंल." आणि सही केली. चहा घेतला. जाताना आईच्या पाया पडला नाही किंवा असलं काही सिनेमातलं झालं नाही, उलट बांधावरच्या बाभळीच्या फांदीवरून दोघांचं थोडं वाजलं पण. पण सही केली. आई नंतर म्हणाली त्याच्या बापाला पण कळत होतं सगळं, पोराला बिबट्यामुळं कळलं एवढंच.

मेडिकलला सिव्हिलमध्ये डोळे तपासले, ऑपरेशन झालेला डोळा चांगला निघाला, दुसरा जेमतेम पास. मग ट्रेनिंग, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं सर्टिफिकेट लागतं नवीन नियमांत. शिकवणारे एक निवृत्त सुभेदार. बाकी सगळे तरुण, दोन बिल्डर, एक पंपवाला, गॉगल लावून, आणि त्यांच्यात आमची आई, पदर खोचून, पायात पॅरागॉन. सुभेदारांनी विचारलं आजी आधी कधी हातात घेतली आहे का. तिने बोलायच्या आधी घेतली, लिव्हर सरकवून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून डोळा लावला, आणि हळूच म्हणाली, "जाँच शस्त्र." सुभेदार एकदम ताठ झाले. कोणती रेजिमेंट? आई म्हणाली महार. ते म्हणाले, यश सिद्धी, रेजिमेंटचं ब्रीद. तिने मान हलवली. त्यानंतर त्यांनी तिला आजी म्हटलं नाही, माताजी म्हणत राहिले. चार गोळ्यांतल्या दोन टार्गेटच्या बाहेर गेल्या ते पण सांगते, आणि खांदा पुढे आठ दिवस काळानिळा होता, तो तिने वाडीतल्या प्रत्येक बाईला दाखवला.

एवढं होईपर्यंत २०२४ चा मार्च आला आणि १६ तारखेला आचारसंहिता लागली. इलेक्शनमध्ये असलेल्या बंदुका जमा करून घ्यायची गडबड असते, नवीन कोण देतंय. २० मे ला मतदान झालं, जूनमध्ये निकाल, म्हटलं आता होईल, तर पावसाळा गेला, बदल्या झाल्या, नवीन माणसाला परत सगळं पहिल्यापासून, आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता. बाकावरचे कांदेवाले फोन करून विचारायचे तुमचं झालं का, मी विचारायचे तुमचं झालं का. त्यांचं आमच्या आधी झालं, त्यांनी पेढे पाठवले.

आमचं २०२५ च्या जानेवारीत झालं. लायसन्स पाच वर्षांचं, आधी तीन वर्षांचं असायचं, २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच. आईने फोटो बघितला, म्हणाली चांगला नाही आला, आणि विचारलं कारण काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. ठीक आहे म्हणाली.

बंदूक आणायला गेलो तेव्हा मालखान्यातून ती बाहेर आली ती धुळीने पांढरी झालेली, पट्टा उंदरांनी खाल्लेला, बिजागरीपाशी गंज. हवालदार म्हणाला घ्या सही करा. आई सही करेना. तिथेच काउंटरवर तिने ती मोडली, ट्यूबलाइटकडे धरून एका नळीत बघितलं, मग दुसरीत, मग पुन्हा पहिलीत. पदराच्या टोकाने आतली कड पुसली आणि ते तांबडं झालेलं टोक त्या हवालदाराला दाखवलं. काही बोलली नाही. तो पण काही बोलला नाही, आतून एक फडकं आणून दिलं. मग पावतीवरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि सही केली, मोठ्या अक्षरात, जोडाक्षर सावकाश.

परत येताना नाशकातून दहा काडतुसं घेतली, खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान, दुकानदाराने लायसन्सवर नोंद केली. आईने भाव करून बघितला, दुकानदार म्हणाला माताजी हे काय मेथी आहे का. घरी लोखंडी कपाटात बंदूक, काडतुसं वेगळ्या पेटीत, दोन किल्ल्या दोन जागी. गंज काढायला तिला तीन रविवार लागले. ओट्यावर, पोतं टाकून, तिथेच. मी एक फोटो काढून भावाला पाठवला. त्याने लिहिलं आबांसारखी बसलीये.

अजून एकदाही वाजलेली नाही. डिसेंबरात बिबट्या येऊन गेला, कुत्रं भुंकलं, आईने लाइट लावला आणि थाळी वाजवली. मी विचारलं बंदूक का नाही काढलीस, तर म्हणे एक काडतूस केवढ्याला पडतं.

आणि वारसाच्या त्याच नियमात असं आहे की लायसन्सवाल्याचं वय सत्तर झालं की तो जिवंतपणीच वारसाच्या नावावर करून देऊ शकतो. आईला सत्तरी लागायला आता फार दिवस राहिले नाहीत. परवा शेंगा फोडता फोडता विषय काढलाच तिने, की भाऊ काही घेणार नाही, तू घेशील का. मी म्हणाले बघू, माझा फ्लॅट शहरात, कमिशनरेटचं लफडं आहे, फाइल परत पहिल्यापासून. ती म्हणाली ते होईल गं सगळं, तू त्या रकान्यात काय लिहिणार तेवढं सांग.